एकशे वीसच्या पुढे काटा जात नाही

आजच्या या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख आदरणीय नवलनाना, धुळ्याहून, देवपुरातून एवढ्या उन्हात आलेले प्रमुख पाहुणे प्राचार्य महोदय, ज्यांना आपण आज सन्मानाने निरोप देत आहोत ते आपल्या सर्वांचे डॉ. प्रेमराज बोरसे आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आता रुग्णालयाची शस्त्रक्रियेची बाजू सांभाळणाऱ्या डॉ. दिपमाला, सावद्याहून केळी घेऊन आलेले मोतीलालभाऊ आणि त्यांची मंडळी, रुग्णालयाचे सर्व कर्मचारी, आणि समोर बसलेल्या माझ्या अमळनेरकर बंधू-भगिनींनो,

कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल तर ते माझ्या मनात आहे असं समजा. इतकी वर्षं सभांमधून बोलते आहे, पण व्यासपीठावरच्या नावांची धास्ती अजून गेलेली नाही. आपल्याकडे एखादं नाव सुटलं की तो माणूस पुढची दोन वर्षं समोरून येताना रस्ता बदलतो.

मी हेमलता साळुंखे. इथल्याच शाळेत मराठी शिकवते. अमळनेरात कुणाचा सत्कार असो नाहीतर शोकसभा असो, मानपत्र लिहिण्याचं आणि वाचण्याचं काम फिरून फिरून माझ्याकडे येतं. "मॅडमचा आवाज भारदस्त आहे," असं मला सांगतात. सांगणाऱ्याची नजर त्या वेळी आवाजावर नसते, हे मला समजतं. हसा, हसा. मला सवय आहे.

मघाशी जे मानपत्र वाचलं ते मीच लिहिलं आहे आणि त्यातला एक शब्दही खोटा नाही. बोरी नदीला पूर आला तेव्हा डॉक्टर ट्रॅक्टरवर बसून पलीकडच्या वस्तीवर गेले होते, हे खरं आहे. मोठ्या शहरांतून बोलावणी आली तरी ते इथून हलले नाहीत, हेही खरं आहे. माझ्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन त्यांनीच केलं. वडील त्यानंतर शेतात कोळपणी करत होते, एवढं ते चांगलं झालं होतं. 'देवमाणूस' हा शब्द मात्र माझा नाही. तो विश्वस्त मंडळानं मागाहून घातला. मी तो खोडला नाही, कारण माझी बहीण रत्नाअक्कासुद्धा डॉक्टरांना हेच म्हणायची.

रत्नाअक्का आज सभागृहात नाही. ती असती तर पहिल्या रांगेत बसली असती आणि सगळ्यात आधी तिनं टाळी वाजवली असती. चार वर्षांपूर्वी ती गेली. याच रुग्णालयात तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि ते करून घरी आल्यावर ती गेली. आणि येत्या गुरुवारी याच रुग्णालयात माझंही पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. तेच दुखणं, तोच वॉर्ड, आणि साधारण तेच शरीर. म्हणून आज मी मानपत्र वाचून खाली बसले नाही. नाना, मला पाच मिनिटं दिली होती, मी जरा जास्त घेणार आहे. तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्ही मला थांबवू शकता. पण मला वाटतं तुम्ही थांबवणार नाही.

आत्ता किती देखणा कार्यक्रम झाला! डॉक्टर मूळचे सावद्याचे. गावच्या मंडळींनी ठरवलं की आपल्या माणसाची केळीतुला करायची. जुन्या पद्धतीची दोन पारड्यांची तागडी मिळाली नाही, म्हणून केळी मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटाच टेम्पोत घालून आणला. त्याला झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू वाहिलं. डॉक्टरांना खुर्चीसकट वर बसवलं, मग खुर्चीचं वजन वजा केलं. मोतीलालभाऊंनी आकडा पुकारला, सत्तर किलो चारशे ग्रॅम. काय टाळ्या पडल्या! मग तेवढीच केळी चढवली. शेवटी तीन-चार केळी जास्त भरली, तर भाऊंनी तीही मोडून बाजूला ठेवली. आता ती केळी आश्रमशाळेच्या मुलांना जाणार आहेत. चांगलंच आहे.

त्या काट्याच्या बाजूला एक पत्रा ठोकलेला आहे. त्यावर लिहिलंय, कमाल तीनशे किलो. तुम्ही टाळ्या वाजवत होता तेव्हा मी तो पत्रा वाचत होते. मला तेव्हा काय वाटलं ते अशा मंगल प्रसंगी सांगावं की नाही? सांगतेच. मला चीड आली. इतकी चीड आली की हातातलं मानपत्र चुरगळलं. डॉक्टर, फ्रेममध्ये घातल्यावर ती घडी दिसेल, त्याबद्दल आत्ताच क्षमा मागते.

आमच्या घरात अंगानं आडवं असण्याची परंपराच आहे. आजी तशी होती, आत्या तशी होती, अक्का तशी होती, मी आहे. तुम्हाला वाटेल यांना स्वतःचं वजन ठाऊक नसतं. अहो, आमचं वजन आमच्याआधी तुम्हाला ठाऊक असतं. आम्ही रिक्षात बसायला गेलो की रिक्षावाला म्हणतो, "मॅडम, मधे बसा." एसटीत आमच्या शेजारची जागा रिकामी असते आणि लोक उभे असतात. पंगतीत वाढपी आमच्या ताटापाशी आला की दोन्ही बाजूंच्या बायका बोलायच्या थांबतात. भरीत-पुरीच्या कार्यक्रमाला मी दुसरी पुरी घेतली तर तिसऱ्या घरी त्याची बातमी जाते. आणि सल्ले तर विचारूच नका. लिंबूपाणी घ्या, मध घ्या, जवस खा, भात सोडा, चाला, धावा. सगळं गाव डोळ्यांनी आमचं वजन करत असतं. दिवसातून शंभरदा करतं. ते वजन ज्या एका जागी खरोखर करायला हवं होतं, तिथं मात्र कुणी केलं नाही.

अक्काला ऑपरेशनसाठी भरती केलं तेव्हा मी बरोबर होते. आपल्या रुग्णालयातला वजनकाटा तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. बाहेरच्या व्हरांड्यात, केसपेपरच्या खिडकीजवळ, गोल तबकडीचा. माणूस चढला की खिडकीतला मदतनीस मोठ्यानं ओरडतो, "बावन्न!" "एकोणसाठ!" आणि बाकावर बसलेले सगळे मान वर करून बघतात. त्या तबकडीवर शेवटचा आकडा एकशे वीस आहे. त्याच्या पुढे काटा जात नाही. नुसता खिळ्याला जाऊन अडतो आणि थरथरत राहतो.

अक्का त्या काट्याकडे बघून जागीच थांबली. पदर ओढून घेतला. तेव्हा आपल्या सुमनबाई सिस्टर पुढे आल्या. समोर बसल्या आहेत त्या. सुमनबाई, खाली बघू नका, तुमच्यावर माझा राग नाही. त्या हळूच म्हणाल्या, "अक्का, राहू द्या, कशाला एवढ्या लोकांत." आणि अंदाजानं त्यांनी लिहिलं, पंच्याऐंशी. दवाखान्यात ही रीतच पडून गेली आहे. जाड बाई आली की तिला काट्यावर चढवायचं नाही आणि चारचौघांत शोभेल असा आकडा लिहायचा. माया आहे त्यात, मी नाकारत नाही. बाईनं बाईची लाज राखली. अक्का इतकी खूश झाली की वॉर्डात कॉटवर बसल्या बसल्या मला म्हणाली, "हेमा, मनं वजन पंच्याऐंशी शे आते! बठ्ठासले सांग." सगळ्यांना सांग म्हणे! आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

माझे मेहुणे भाईदास भाऊजी व्यवहाराचे माणूस. कापसाच्या धंद्यात जन्म गेला, आकडा चुकलेला त्यांना खपत नाही. डॉक्टर राउंडला आले तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, जिनिंगना काटा शे ना आपला. तठे लई जाऊत का हिले?" तिकडे नेऊन वजन करू, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर हसले. अक्काच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाईदासभाऊ, ताई आहेत त्या, कापसाचं बोचकं नाही. काही गरज नाही वजनाची. माझा डोस ठरलेला आहे." वॉर्डातले सगळे हसले. अक्कासुद्धा हसली. डॉक्टर, तुम्हाला हे आठवतं का? नसेल आठवत. तुमचे किती राउंड झाले, किती खांद्यांवर हात ठेवलात तुम्ही. मला आठवतं, कारण मला आठवण्यासारखं तेवढंच उरलं आहे.

आता हा डोस म्हणजे काय, ते समोर बसलेल्या माझ्या बायांसाठी सोप्या भाषेत सांगते. ऑपरेशननंतर माणूस पडून असतो. रक्त पायात साकळतं, त्याची गुठळी होऊ शकते. ती होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीखाली एक बारीक इंजेक्शन देतात. अक्कालाही दिलं. कुणी म्हणू शकणार नाही की दिलं नाही. पण शेजारच्या कॉटवरच्या, चाळीस-पंचेचाळीस किलोच्या काडीसारख्या आजीला जेवढं दिलं तेवढंच अक्काला दिलं. दहा माणसांच्या वरणाला दोन माणसांचं मीठ घातलं तर तुम्ही स्वयंपाकिणीला काय म्हणाल? आणि तेही तिनं पातेल्यात न डोकावता घातलं असेल तर?

थांबा. मी अर्धवट सांगून डॉक्टरांवर अन्याय करणार नाही. वजन दुप्पट म्हणजे औषध दुप्पट, इतकं हे सोपं नसतं. मी हे नंतर नाशिकला जाऊन, तिथल्या एका डॉक्टरांपुढे बसून समजून घेतलं. काही औषधं चरबीत मुरतात आणि तिथंच साठून राहतात. काही चरबीला शिवतच नाहीत. भुलीची काही औषधं जाड माणसाला पुऱ्या वजनाच्या हिशोबानं दिली तर जास्त होतात, माणूस लवकर शुद्धीवर येत नाही. गुठळीचं औषध नेहमीच्या मापात दिलं तर कमी पडण्याची भीती असते. जखम पिकू नये म्हणून देतात त्याचं गणित आणखी निराळं. म्हणजे प्रत्येक औषधाला वेगळा विचार लागतो, उंची लागते, किडनी कशी आहे ते लागतं. पण त्या सगळ्या विचाराला आधी एक खरा आकडा लागतो की नाही? अक्काच्या कागदावर पंच्याऐंशी होता. तोही कुणी वाचला नाही, ती गोष्ट सोडा.

ऑपरेशन उत्तम झालं. मी परत सांगते, उत्तम झालं. डॉक्टरांच्या हाताला यश आहे हे मानपत्रात लिहिलंय आणि ते खरं आहे. अक्का घरी आली, आठवडाभरानं टाके दाखवायला मी तिला घेऊन गेले. ती जिना चढून वर आली आणि खुर्चीत बसली तरी तिची धाप थांबेना. ती म्हणाली, "डॉक्टर, श्वास पुरत नाही हो." डॉक्टरांनी टाके बघितले, कोरडे होते. मग ते हसले. त्यांचं ते हसू तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, अर्धं दुखणं त्या हसण्यानंच जातं. म्हणाले, "रत्नाताई, ही धाप ऑपरेशनची नाही, वजनाची आहे. आता रोज चालायचं. चालाल तर पळेल ती."

बघा हं. औषधाचं माप ठरवताना तिला वजन नव्हतं. धापेचं कारण सांगताना मात्र तिला वजन होतं. त्या एका बाईचं वजन त्या एका इमारतीत कधी असायचं आणि कधी नसायचं, हे कोण ठरवत होतं? मी चार वर्षं हाच प्रश्न घेऊन वर्गात उभी राहते, फळ्यावर काहीतरी दुसरंच लिहिते.

अक्का खाली उतरताना म्हणाली, "डॉक्टर देवमाणूस शे. कितला गोड बोलस." आणि ती चालायला लागली. उन्हं कलल्यावर बोरीच्या पुलाकडे जायची, नवी चप्पल घेतली होती त्यासाठी. मी म्हटलं, "अक्का, दम लागतोय तर थांब ना." तर म्हणाली, "डॉक्टरनी चालाले सांगेल शे." त्या आठवड्यातच ती त्या रस्त्यावर पडली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी उचलायला वेळ लावला, कारण तिला उचलायला जास्त माणसं लागत होती. हेसुद्धा मला नंतर एकानं येऊन सांगितलं, हळहळून सांगितलं. सरकारी दवाखान्यात मरणोत्तर तपासणी झाली. पायातली गुठळी फुप्फुसात गेली होती. ती धाप त्या गुठळीची होती.

कोण चिठ्ठी पाठवतंय? सूत्रसंचालक सर. "मॅडम, कृपया समारोप करावा." करते सर. तुम्ही माझेच विद्यार्थी, तुमचं अक्षर अजून सुधारलेलं नाही.

मी नाशिकच्या डॉक्टरांना विचारलं होतं, की डोस बरोबर असता तर ती वाचली असती का? त्यांनी खरं उत्तर दिलं. म्हणाले, "सांगता येत नाही. पुरेसं औषध देऊनही काहींना गुठळी होते." मी ते ऐकून घेतलं. तुम्हीही ऐकून घ्या, कारण मला कुणावर खुनाचा आरोप करायचा नाही. मला एवढंच म्हणायचंय की वाचण्याची जी काही शक्यता तिच्या वाट्याची होती, ती तिला मिळाली नाही. शेजारच्या आजीला मिळाली. ती आजी अजून आहे, परवा बाजारात भेटली, मेथी निवडत होती.

डॉक्टर आमच्या घरी दारावर, सांत्वनाला आले होते. खाली सतरंजीवर बसले, डोळे पुसले. मला त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल शंका नाही. उठताना भाऊजींना म्हणाले, "वजन फार होतं हो ताईंचं." त्या दिवसापासून गावात तेच झालं. अक्का कशानं गेली? वजनानं गेली. बायका मला रस्त्यात थांबवून सांगायच्या, "हेमाताई, तुम्ही तरी आता जपा." जिनं आयुष्यभर ते शरीर वाहिलं, तिच्याच माथ्यावर तिचं मरणही घातलं. आणि आपण सगळे मोकळे झालो, घरी जाऊन जेवलो.

आता माझ्याकडे येते. दिवाळीपासून माझ्या पोटात कळा येतात. वर्गात शिकवता शिकवता टेबल धरून उभी राहते. सोनोग्राफी झाली, खडे निघाले, ऑपरेशन पुढे ढकलता येणार नाही असं सांगितलं. तुम्ही म्हणाल, मॅडम, नाशिकला जा, धुळ्याला जा. का जाऊ? माझ्या वडिलांनी या रुग्णालयाच्या पायाभरणीला विटा वाहिल्या होत्या. आणि माझ्यासारख्या ज्या बायका नाशिकला जाऊ शकत नाहीत त्यांनी कुठं जायचं?

गेल्या आठवड्यात मी नाव नोंदवायला गेले. तोच व्हरांडा, तीच तबकडी. सुमनबाई आल्या, तशाच मायेनं म्हणाल्या, "मॅडम, नव्वद लिहू का?" माझ्या अंगावर काटा आला हो. अक्कापेक्षा पाच किलो जास्त दिले मला, शिकलेली म्हणून असेल. मी म्हटलं, काटा आणा. तर म्हणाल्या, "एकशे वीसच्या पुढे जात नाही ना मॅडम हा." आणि नव्वदच लिहून टाकलं.

मग मी नानांकडे गेले. नाना, मी तुमच्या घरी आले होते, तुम्ही चहा पाजलात, आता इकडे बघा. मी म्हटलं, मोठा काटा घ्या, आणि तो आत, पडद्याआड ठेवा. तुम्ही म्हणालात, "हेमाताई, एवढे जाड पेशंट येतात तरी किती?" नाना, आम्ही येतच नाही. व्हरांड्यात सगळ्यांसमोर ते नाटक होतं म्हणून आम्ही दुखणं अंगावर काढतो आणि अगदीच पडलो की येतो. रत्नाअक्का एक, मी दोन. मोजायचं असेल तर इथून मोजायला लागा.

डॉ. दिपमालांना मी दोनदाच भेटले आहे. गुरुवारी त्याच माझं ऑपरेशन करणार आहेत. मी त्यांची बाजू घेत नाही, त्यांनी अजून माझं काही भलं केलेलं नाही. पण त्या एक वाक्य बोलल्या. माझ्या कागदावर नव्वद बघून म्हणाल्या, "हे तुमचं वजन नाही. खरं सांगा, नाहीतर मी औषध कशावर ठरवू?" आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं वजन विचारलं आणि मला अपमान वाटला नाही. त्यांनीच मला सांगितलं की पुष्कळ औषधांचे ठरलेले डोस साधारण सत्तर किलोच्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून बेतलेले असतात. म्हणून मघाशी मोतीलालभाऊंनी डॉक्टरांचा आकडा पुकारला तेव्हा मी दचकले. सत्तर किलो! डॉक्टर, सगळी औषधं तुमच्याच मापाची होती. तुम्ही आयुष्यभर आम्हाला तुमच्या मापाचं औषध देत राहिलात, आणि आम्ही तुम्हाला देवमाणूस म्हणत राहिलो.

मोतीलालभाऊ, काटा अजून चालू आहे ना? वायर काढू नका. केळीच्या फण्या जरा बाजूला घ्या. माळ राहू द्या, नको, काढाच, तिचंही वजन येईल. सर, हा माईक तेवढा लांब पोचेल का? पोचतो.

टाळ्या कुठं गेल्या? डॉक्टरांच्या वेळी तर शिट्ट्या वाजत होत्या. माणसं तीच, काटा तोच, फक्त आता बाई चढते आहे.

हं. उभी राहिले. भाऊ, आकडा पुकारा.

पुकारा ना भाऊ. असे खाली काय बघता? ... ते म्हणतात, "ताई, राहू द्या."

ऐकलंत? 'राहू द्या.' चार वर्षांपूर्वी व्हरांड्यात हेच शब्द होते. यांच्याही मनात वाईट काही नाही. सावद्याचा भला माणूस, केळी ग्रॅमपर्यंत मोजणारा, आणि बाईचा आकडा बोलायला त्याची जीभ रेटत नाही. ठीक आहे. चष्मा कुठं आहे माझा... मीच वाचते.

एकशे एकेचाळीस किलो दोनशे ग्रॅम.

परत सांगते, मागच्यांना ऐकू गेलं नसेल. एकशे एकेचाळीस किलो, दोनशे ग्रॅम. उंची पाच फूट दोन इंच. डॉ. दिपमाला, लिहून घ्या. सुमनबाई, तुम्हीही ऐकलंत. नाना, तुम्ही ऐकलंत. आता या सभागृहातल्या प्रत्येक माणसाला माझं वजन माहीत आहे, आणि गुरुवारी माझ्या कागदावर कुणालाही नव्वद लिहिता येणार नाही. गेली चाळीस वर्षं मी जी गोष्ट माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितली नाही ती आज माईकवर सांगितली. मला लाज वाटते आहे. खोटं कशाला बोलू, फार लाज वाटते आहे. काट्यावरचा आकडा हलतोय, भाऊंना दिसतंयच.

डॉक्टर, तुम्ही मान खाली घातली आहे. तुम्हाला दुखवायला मला आनंद होत नाही. तुम्ही निवृत्त होताय, सावद्याला जाल, नातवंडांत रमाल, रमाच. तुमचा हात किती लोकांच्या खांद्यावर होता, ते लोक तुम्हाला विसरणार नाहीत. मीही विसरणार नाही. मानपत्रातला एकही शब्द मी मागे घेत नाही, अक्काबद्दलचाही एक शब्द मागे घेत नाही. दोन्ही बरोबरच घेऊन जा.

हा काटा संध्याकाळी टेम्पोत चढेल आणि सावद्याला परत जाईल. उद्या सकाळी त्यावर केळी चढतील आणि ती चोख मोजली जातील. नाना, मी तुमच्याकडे आणखी काही मागणार नाही. व्हरांड्यातली ती तबकडी तुम्ही रोज येता-जाता बघता, तेवढं पुरे.

अध्यक्ष महोदयांनी मला थांबवलं नाही, सावदेकरांनी त्यांचा काटा मला वापरू दिला, वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी तुम्ही कुणी उठून गेला नाहीत, याबद्दल मी सर्वांची मनापासून आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनानं क्षमा करा. गुरुवारी औषधात कमी-जास्त झालं, तर क्षमा करायला मी नसेन.

नमस्कार.